नापासाचे पेढे

परवा नणंदेची मुलगी आली होती. कॉलेजात आहे. सोफ्यावर पाय वर घेऊन बसली, मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "मामी, तुमच्या वेळच्या पैसे वाचवायच्या टिप्स सांग ना. आमच्या कॉलेजच्या अंकात टाकायच्यात. आई म्हणते, काटकसरीत तुझा हात कुणी धरणार नाही."

आईला म्हणायला काय जातंय!

मी तिला चार गोष्टी सांगितल्या. पाठकोऱ्या कागदावर लिहावं, जुन्या वह्यांची उरलेली पानं शिवून नवी वही करावी, लायब्ररीचं पुस्तक मुदतीच्या आत परत करावं, असल्या. ती खूश होऊन गेली. ती गेल्यावर मला एकदम थकवा आला. काम काहीच केलं नव्हतं, नुसत्या आठवणीनं आला. लोकांना म्हणे जुने दिवस आठवले की बरं वाटतं. मला झोप येते.

तिला जे सांगितलं नाही ते इथं लिहितेय.

लग्न होऊन मी भाईंदरला आले ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. माहेर परभणीकडचं. बारावी झालेली होते. वडिलांनी बोलणी करताना मानपान, देणंघेणं यातलं काही काढलंच नाही. एकच अट घातली, की पोरीला ग्रॅज्युएट होऊ द्या. सासरची माणसं आमच्यातलीच, मराठवाड्यातून मुंबईत येऊन राहिलेली. शिकलं पाहिजे, हे आमच्या लोकांत कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. "हो, शिकवू की," असं सासू आणि नवरा एका सुरात म्हणाले आणि विहारात लग्न लागलं. निघताना वडील रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पास झालीस की एक कार्ड टाक." मला डिग्री पाहिजे होती ती त्या कार्डासाठी. नोकरी, मानमरातब असलं काही डोक्यात नव्हतं. त्या माणसानं जन्मात कुणाकडे एकच गोष्ट मागितली, आणि तीही माझ्यासाठी.

घर भाईंदर पूर्वेला, खारीगावाच्या बाजूला. सासरे होते तेव्हा त्यांनी मुंबईतली खोली विकून दुसऱ्या मजल्यावरची ही जागा घेतली होती. दोन खोल्या, मोरी, खिडकीतून मिठागरं दिसायची. सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. बोअरचं पाणी खारट, त्यात भांडी घासली तरी पांढरे डाग राहायचे. प्यायचं पाणी नगरपालिकेच्या नळाला यायचं, ते खाली जिन्यापाशी आणि दुपारी. दुपारी म्हणजे किती वाजता, ते त्या नळालाच ठाऊक. कधी जेवायला बसलं की, कधी चहाच्या वेळेला, आणि कधी नुसतंच फुसफुसून गप्प बसायचा मेला. पाणी आलं की खालून हाक यायची, "पानी आया!" की सगळ्या मजल्यांवरून बायका हंडे-कळशा घेऊन जिन्यात घुसायच्या. गुजराती, मारवाडी, युपीवाल्या, आम्ही. तिथं सगळ्यांची भाषा एकच, भांडायची हिंदी.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचे गुडघे गेलेले. रिकाम्या हातानंसुद्धा कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबून चढायच्या. त्यांच्याकडून पाणी भरून घेणं म्हणजे पापच. नवरा ऑफिसला. राहिलो नणंद आणि मी. ती माझ्याहून वर्षानं लहान, तिचीही बारावी झालेली. दोघी कॉलेजला गेलो तर पाणी कोण भरणार? शिवाय दोघींच्या कॉलेजची फी एका पगारात बसणारीही नव्हती. मग असं ठरलं, की नणंदेनं रीतसर कॉलेजात जायचं आणि मी विद्यापीठाच्या पोस्टानं शिकवतात त्या विभागातून बी.ए. करायचं. त्याची फी कमी, आणि दुपारी घरात असता येतं. विषय दोघींनी मुद्दाम सारखेच घेतले. पुस्तकांचा एकच संच पुरेल आणि तिची लेक्चरं दोघींना होतील. नवऱ्याला ही व्यवस्था इतकी पसंत पडली की त्यानं ऑफिसात सांगितली. "एका फीत दीड ग्रॅज्युएट," असं म्हणायचा.

दीडमधली अर्धी मी.

पहिली अडचण पुस्तकांची आली. संच एक आणि वाचणाऱ्या दोन. ती घरी आली की तिला पाहिजे, आणि माझी कामं उरकून मी बसणार तेव्हाच नेमकं तिलाही पाहिजे. आठवडाभर आमची रोज बाचाबाची झाली. मग मीच म्हणाले, आपण पुस्तकं कापून घेऊ. नणंद किंचाळली, "वहिनी, वेड लागलं का?" मी म्हणाले, यात काय एवढं, कापड नाही का फाडत आपण? स्टेशनकडे एक बाइंडर बसायचा, त्याच्याकडे गेले. त्यानं मला दोनदा विचारलं, "पक्का काटूँ?" मग मधली शिलाई बघून सुरी घातली आणि प्रत्येक पुस्तकाचे दोन भाग करून, वर खाकी पुठ्ठा लावून दिले. पहिला अर्धा भाग तिच्याकडे, कारण कॉलेजात पहिल्यापासून शिकवतात. दुसरा अर्धा माझ्याकडे. दिवाळीनंतर अदलाबदल.

त्यामुळे माझ्याकडे देश आधी स्वतंत्र झाला आणि इंग्रज नंतर आले. मराठीच्या पेपरची कादंबरी मी शेवटाकडून वाचली. नायिका मेली, मग दिवाळी झाली, मग ती शाळेत जायला लागली. आता हसू येतं. तेव्हा वेळ नव्हता हसायला. उलट मला आपलं वाटायचं, काय डोकं चाललं माझं!

मग लेक्चरं. ती ऐकणार, मी नाही. ती घरी येऊन सांगेल असं ठरलं होतं, पण घरी आल्यावर तिला भूक लागायची, झोप यायची, डोकं दुखायचं. त्यावर पण मीच तोड काढली. नवऱ्याच्या ऑफिसात टायपिस्ट बाई वापरलेले कार्बन पेपर टाकून द्यायच्या. ते तो घरी आणायला लागला. पाठकोरे कागद तर तो आधीपासून आणायचाच. नणंदेनं वर्गात दोन कागदांच्या मध्ये कार्बन घालून, बॉलपेन दाबून लिहायचं. वरचा कागद तिचा, खालचा माझा. वर्गातल्या मुली हसल्या तिला. प्राध्यापकांनी विचारलं, पोलिसात पंचनामे लिहायला जातेस का म्हणून. पण तिनं लिहिलं बिचारीनं. बोटं निळी करून यायची रोज.

कार्बन झिजलेला असला की माझं पान फिकट यायचं. खिडकीशी जाऊन, कागद उन्हाकडे धरून वाचावं लागायचं. नळाची वाट बघत मी उपड्या बादलीवर बसायची, मांडीवर ती निळी पानं. ती वर्गात जे काही लिहायची ते सगळं माझ्याकडे उतरायचं. अठराशे सत्तावन्नच्या उठावाच्या कारणांत मध्येच असायचं, "मॅडमची साडी बघ, पडदा वाटतोय." कुठे समासात फुलं काढलेली. एकदा ग्रामपंचायतीच्या रचनेखाली लिहिलं होतं, "आज समोसा तू देणार. गेल्या वेळी मी दिला." शेजारणीशी चाललेली लेखी बडबड ती. मी ती पण वाचायची, अगदी पुरवून पुरवून. कॉलेज म्हणून मला जे काही मिळालं ते एवढंच. त्या समोशाची चव कशी असेल, असा विचार मी हंडा डोक्यावर घेऊन जिना चढताना केलेला आहे.

पहिलं वर्ष पास झाले. दुसरंही. तिची कॉलेजची परीक्षा आणि माझी विद्यापीठाची वेगवेगळ्या दिवशी यायची, त्यामुळे पुस्तकांची पळवापळवी जमायची आणि पाण्याचंही निभायचं. एकीचा पेपर, तर दुसरी घरी. बिल्डिंगमध्ये माझं नाव झालं होतं. कुणाची मुलगी अकरावीला गेली की तिची आई जिन्यात मला गाठायची. "भाभी, वो किताब काटनेवाला कहाँ बैठता है?" खारीगावातली एक मावशी भाजी घेऊन यायची, तिची नात शाळेत होती. तिला मी पाठकोरे कागद द्यायची. ती म्हणायची, "बाय, तुजं डोकं भारी हाय. आमच्या पोरींना न्हाय सुचत असा." ऐकून बरं वाटायचं. उगाच कशाला खोटं बोलू, खूप बरं वाटायचं. घरात सून म्हणून दुसरं कौतुक कोण करणार होतं?

आणि असं कौतुक अंगात भिनलं की माणूस काहीही वाचवायला जातो.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा दोघींची विद्यापीठाचीच. एकच वेळापत्रक. एकाच दिवशी, एकाच वेळी, दोघी दोन वेगळ्या सेंटरवर. आता पुस्तकाचा कुठला अर्धा भाग कोण धरणार? पेपरच्या आदल्या दिवशी सगळंच पाहिजे असतं. आणि पाणी? पेपर दुपारचे. आम्ही आठवडाभर त्यावर चर्चा केली. नवरा म्हणाला, रजा काढू का? मी म्हणाले, बिनपगारी रजा काढून पाणी भरणार का तुम्ही! नणंदेचं लग्न ठरत आलं होतं, मुलाकडच्यांना ग्रॅज्युएट मुलगी पाहिजे होती. तिची परीक्षा मागे ठेवणं शक्यच नव्हतं.

भाकरी थापताना मला सुचलं. मी या वर्षी बसतच नाही! परीक्षेची फी वाचली. नणंदेला पूर्ण पुस्तकं मिळतील. ती पास होऊन सासरी गेली की सगळा संच माझा, तिची वरची पानं पण माझी, झिजक्या कार्बनची नाहीत, चांगली शाईची. पुढच्या वर्षी फक्त परीक्षेची फी भरायची, बाकी सगळं फुकट. मी हे जेवताना सांगितलं तेव्हा घरात एकदम हलकं वाटायला लागलं. नवऱ्यानं मान डोलावली. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाई म्हणाल्या, "तुझं तू बघ बाई. परीक्षा काय कुठं पळून जायलीय?"

मलाही तसंच वाटलं होतं. आम्हा बचत करणाऱ्या माणसांना वाटतं की आज वापरलं नाही ते उद्या तसंच्या तसं मिळतं. डाळ-तांदळासारखं.

मी पुस्तकं घेऊन परत त्या बाइंडरकडे गेले. तुकडे जोडून मागितले. तो माझ्याकडे बघतच राहिला. "पहले कटवाया, अब जुड़वाती हो?" म्हणाला. पण छान शिवून दिली. नणंद परीक्षेला बसली, सेकंड क्लासमध्ये आली, लग्न होऊन मीरा रोडला पेणकरपाड्याच्या बाजूला राहायला गेली. जाताना मला सगळी पुस्तकं, सगळे कागद एका पिशवीत भरून दिले आणि गळ्यात पडून रडली. म्हणाली, "वहिनी, माझी डिग्री अर्धी तुमची आहे." मी म्हणाले, तुझी तू ठेव, माझी मी अख्खी आणते.

ते वर्ष मी कधी नव्हे इतका अभ्यास केला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. इंग्रज आधी आले, मग गेले. आता पाणी एकटीनं भरायचं होतं, धुणं एकटीनं, सगळंच. पण मला अभ्यासाचा कंटाळा आला नाही. कणीक मळताना सनावळ्या म्हणायची. आत्याबाई ऐकत असायच्या. एकदा मी एका तहाचं साल चुकले तर त्या मोरीतून ओरडल्या, "काल दुसरंच म्हणायलतीस!" त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण माझ्या सनावळ्या त्यांच्याही पाठ झाल्या होत्या.

थंडीत परीक्षेचा फॉर्म भरायला विद्यापीठाच्या ऑफिसात गेले. लांबची लाइन. खिडकीत एक बाई होत्या, डब्याची वेळ झालेली, त्यामुळे घाईत. त्यांनी माझा फॉर्म बघितला आणि म्हणाल्या, "विषय बरोबर आहेत. नवीन सिलॅबसचीच पुस्तकं घेतलीत ना?"

मी म्हणाले, नवीन म्हणजे?

"यंदापासून टीवायचा सिलॅबस बदललाय. नोटीस लावलीय की बाहेर. पोस्टानं नोट्स आल्या नाहीत?"

पोस्टानं कशा येतील? त्यासाठी नव्यानं नाव नोंदवून फी भरावी लागत होती. मी ती भरली नव्हती. वर्षभराच्या नोट्स घरात आहेत, परत त्याच कशाला घ्यायच्या, म्हणून. नावापुरती नोंदणी फॉर्मसोबत उशिरा करता येते, हे मी आधीच चौकशी करून ठेवलं होतं. हुशार ना मी!

मी म्हणाले, "मॅडम, जुन्या अभ्यासक्रमाचा पेपर देता येणार नाही का? माझा सगळा अभ्यास झालाय."

"जुना पेपर रिपीटर्सना मिळतो. गेल्या वर्षी परीक्षेला बसला होता का तुम्ही?"

"नाही."

"मग नाही." त्या डब्याचं झाकण उघडत होत्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, जरा हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, बसून नापास झाला असतात ना, तरी चाललं असतं. अजून एक वर्ष जुनाच पेपर मिळाला असता तुम्हाला."

मी बाजूला झाले. मागचा माणूस पुढे सरकला. बाहेर नोटीस लावलेली होती, खरंच होती. पेपरांची नावं, पुस्तकांची नावं, सगळीच वेगळी. एक पुस्तक तेवढं जुनं राहिलं होतं. मी ती उभ्यानं परत परत वाचली. पोरं येत-जात होती, हसत होती, वडापाव खात होती. मला त्या सगळ्यांचा राग आला. आणि सगळ्यात जास्त राग आला तो माझ्या त्या भारी डोक्याचा. कोरा पेपर देऊन आले असते तरी चाललं असतं. नुसतं नाव लिहून, झोपा काढून आले असते तरी चाललं असतं. मी फी वाचवली, आणि नापास व्हायची संधी घालवली.

घरी आले तेव्हा पाणी येऊन गेलेलं होतं. पिंप रिकामं. आत्याबाईंनी विचारलं, "झालं का काम?" आणि माझा बांध फुटला. त्या घरात मी पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणाले, "मी नापास व्हायला पाहिजे होतं! कळतंय का कुणाला? नापास!" त्यांना काहीच कळेना. संध्याकाळी नवरा आला, त्याला मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग आता असं कर, या वर्षी राहू दे. नवीन पुस्तकं सेकंडहँड निघाली की पुढच्या वर्षी—"

मी ताट ढकललं. "पुढच्या वर्षीचं नाव काढायचं नाही! पुढचं वर्ष, पुढचं वर्ष! पुढच्या वर्षी आणखी काहीतरी बदलेल, मला मूल होईल, नळ बंद पडेल, मी मरेन! मी याच वर्षी बसणार. आणि नवीन पुस्तकं आणायची. कोरी. दुकानातली. एकाही पुस्तकाला सुरी लावू देणार नाही मी!"

खरं तर मीच घाबरले होते, स्वतःच्या आवाजाला.

पुस्तकं आली. लग्नातली माझी कानातली सोन्याची दोन फुलं विकून आली, त्याचं मला काही वाटलं नाही. कोऱ्या पुस्तकांची पानं कडेला चिकटलेली असतात, हे मला तेव्हा कळलं. नवऱ्यानं सोडवायला सुरी आणली तर मी ती काढून घेतली आणि नखानं एकेक पान सोडवलं. जुना संच रद्दीवाल्याला दिला. त्यानं तागडीत घालताना म्हटलं, सिलाई अच्छी है. मी म्हणाले, शिलाईचं काय मिळणार आहे? काही नाही म्हणाला.

हातात तीन-एक महिने होते आणि पुस्तकं जवळजवळ सगळी अनोळखी. पास होणं शक्यच नव्हतं, मला माहीत होतं. पण मला पास व्हायचंच नव्हतं त्या वेळी. मला फक्त विद्यापीठाच्या दप्तरात जाऊन बसायचं होतं. एकदा बसलं की मग सिलॅबस बदलो, नाहीतर आणखी काही होवो, मला माझा पेपर मिळणार. पेपरांच्या दिवशी शेजारच्या गुजराती भाभींनी आमचा एक हंडा भरून दिला. बाकी आम्ही खाऱ्या पाण्यावर काढलं. डाळ शिजेना, चहा खारट. आत्याबाई कुरकुरल्या नाहीत.

निकाल आला. निम्म्या विषयांत नापास, निम्म्यांत पास. मी मार्कशीट दोनदा बघितली, चप्पल घातली आणि नाक्यावरच्या मिठाईवाल्याकडून पाव किलो पेढे आणले. बिल्डिंगभर वाटले. सगळ्या बायका म्हणाल्या, "अरे वाह, पास हो गयीं?" मी म्हणाले, नाही, फेल! त्यांना वाटलं हिला धक्का बसला बिचारीला. एकजण तर आत जाऊन आत्याबाईंना सांगून आली, की बहू का ध्यान रखना. नणंद पेणकरपाड्याहून धावत आली. तिला पेढा दिला तर ती पेढा हातात धरून रडायलाच लागली. मी म्हणाले, "रडतेस कशाला? आता मी रिपीटर झाले. आता मला कुणी काढू शकत नाही." आत्याबाईंनी मात्र पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "मग आता परत कवा?" ऑक्टोबरात, मी म्हणाले. "बरं," म्हणाल्या, आणि दुसरा पेढा घेतला.

त्या उन्हाळ्याबद्दल, पावसाळ्याबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. उठणं, डबा, धुणं, नळ, पुस्तक, झोप. झोप कमीच. माझे डोळे सारखे चुरचुरायचे. बादलीवर बसल्या बसल्या पेंग यायची आणि पुस्तक हातातून पडायचं, ते ओल्यात पडू नये म्हणून मी ते दोरीनं मनगटाला बांधून ठेवायची. जिद्द वगैरे म्हणतात लोक. जिद्द कसली डोंबलाची! एखादं काम उरकून टाकावं म्हणून माणूस करत राहतो तसं मी करत राहिले. डिग्री मिळाली की काय करायचं, याचा विचार करायचीही ताकद नव्हती. फक्त वडिलांचं कार्ड डोक्यात होतं, आणि कार्ड टाकलं की झोपायचं, एवढंच.

ऑक्टोबरात राहिलेले पेपर दिले. थंडी सुरू झाल्यावर एका दुपारी, जेवणं झाल्यावर, पोस्टमन पाकीट देऊन गेला. भांडी मोरीत पडलेली होती. मी ओल्या हातानंच फोडलं. सगळ्या विषयांत पास.

मला उड्या मारायला पाहिजे होत्या ना? काही झालं नाही मला. आत जाऊन सांगितलं, "आत्याबाई, पास झाले."

त्या तांदूळ निवडत होत्या. "सगळ्यात?"

"सगळ्यात."

"मग आता परत द्यायची नाही?"

"नाही."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या आणि परत तांदळाकडे वळल्या. मी हात पुसले, कार्ड काढलं आणि वडिलांना लिहिलं. दोन ओळी. त्याहून जास्त काही सुचेना. पत्ता लिहिताना अक्षर वेडंवाकडं झालं. मग तिथंच खाली लादीवर आडवी झाले. "पाणी आलं की हाक मारा," असं म्हटलं की म्हणायचं राहिलं, तेही आठवत नाही.

जाग आली ती एकदम दचकून. खोलीतलं ऊन सरकून दाराशी गेलं होतं. पाणी! मी धडपडत उठले. खालून बायकांचा आवाज नाही, हंड्यांचा आवाज नाही. म्हणजे येऊन गेलं. मोरीकडे धावले तर दारापासून मोरीपर्यंत सगळी लादी ओली. मोरीतलं पिंप अर्ध्यापर्यंत भरलेलं.

आत्याबाई भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. वाटीत तेल घेऊन गुडघ्यांना चोळत होत्या. शेजारी आमचा दुधाचा कॅन ठेवलेला होता, छोटासा, कडीचा. हंडा त्यांना उचलणं शक्यच नव्हतं. त्या कॅननं, कठडा धरून, दुसऱ्या मजल्यापर्यंत, परत खाली, परत वर.

"अहो, हाक मारायची ना मला!" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. चेहरा घामानं निथळत होता.

"किती दिसांनी झोपलीस," त्या म्हणाल्या. "जा, पड अजून. भांडी राहू दे."

मी गेले आणि पडले. संध्याकाळी दिवे लागल्यावर नवऱ्यानं उठवलं.